करावे गावाजवळ बांधावर भेटलेल्या पागवाल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जानेवारीतला रविवार होता, सकाळची ओहोटी. खांद्यावर पागाचं जाळं टाकून तुम्ही बांधावर उभे होतात आणि मी आईला "चल गं, थोडंच राहिलंय" असं चौथ्यांदा सांगत होते. एवढ्यावरून ओळखाल.

आईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. काठी घेऊन चालायची, पण सोसायटीच्या गेटबाहेर पडायची भीती जात नव्हती. त्यात आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर मेसेज आला: धारण तलावाला वळसा, मग खारफुटीच्या कडेनं बांधावरून परत. सपाट, सोपी, तासाभराची फेरी, आजी-आजोबांनाही जमेल. म्हणून तिला घेऊन आले. ग्रुप दहाव्या मिनिटाला दिसेनासा झाला. "ताई, तुम्ही आरामात या हं, ऊन चढायच्या आत फ्लेमिंगो टिपायचेत," असं एकीनं मागं वळून सांगितलं, तेवढाच काय तो निरोप. फ्लेमिंगो मेपर्यंत इथंच असतात हो! त्या "आरामात या"चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण मी तरी काय वेगळं करत होते? आई थांबली की मी घड्याळ बघत होते.

तुम्ही काय झालं ते विचारलं नाहीत, हातही पुढे केला नाहीत. नुसते आमच्या पुढे चालायला लागलात. दहाबारा पावलांवर थांबलात. "आये, यो बघ निवटा." चिखलात डोळे वर काढून बसलेला तो मासा पटकन उडी मारून सरकला आणि आई चक्क हसली. तोवर तिचा दम परत आला होता. पुन्हा दहाबारा पावलं. मग तिवराचं पान. "चाटून बघ." पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. तिवर खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ पानावाटे टाकून देतो म्हणालात. बीपीमुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेली माझी आई ते पान दोनदा चाटून मोकळी झाली!

तलावाच्या दारांपाशी तुम्ही जरा जास्तच रमलात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की तलावातलं पाणी तीच दारं ढकलून खाडीत जातं, हे सांगितलंत. "आमच्या शेतांच्या बांधाला अशीच उघाडी होती, लाकराची." शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, आली १९७० साली. ९५ गावांच्या जमिनींवर ही नवी मुंबई उभी राहिली, हे मला आकड्यापुरतं माहीत होतं. तुम्ही मात्र तक्रार काही केली नाहीत. उघाडीची फळी कशी हलायची ते दोन्ही तळवे मिटून-उघडून आईला दाखवत होतात.

आणि मग ती पाचवी की सहावी थांबायची जागा. तिथं काहीच नव्हतं. ना पक्षी, ना खेकडा, नुसता चिखल. तुम्ही क्षणभर इकडं तिकडं पाहिलंत आणि म्हणालात, "काल हितं मोठा बगला बसलेला." आम्ही तिघंही त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिलो. आईनं तर "केवढा होता?" असंही विचारलं. तुम्ही हातानं उंची दाखवलीत. तिचा श्वास शांत होईपर्यंत तो बगळा वाढतच होता.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

लोकलमध्ये आईला जागा देणारे भेटतात, नाही असं नाही. पण आजीला बसू द्या म्हणून आख्ख्या डब्याला आधी कळतं, मग ती बसते, आणि उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहते. तुमच्यासोबत ती एकदाही थकून थांबली नाही. ती बघायला थांबली.

रस्त्याला लागेपर्यंत पाणी फिरलं होतं. तुमचा पाग कोरडाच होता. मी दोनशेची नोट पुढे केली, चुकलंच माझं. "मासली नाय तं पैसं कसलं?" म्हणत तुम्ही आल्या वाटेनं परत वळलात. जाता जाता आईला सांगितलंत, अष्टमीला ये, भांगाचं पाणी शांत असतं, भरती-ओहोटी लहान असते.

ते तिवराचं पान तिनं चष्म्याच्या घरात ठेवलंय, पार वाळून काळं पडलंय. परवा तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि अष्टमीभोवती पेनानं गोल केला. सकाळी सहाला निघायचंय म्हणते. ग्रुपला कळवायचं नाही, असंही बजावलंय.

तुमच्या आयेची मुलगी