वासोट्याला जाताय, तर परतीची वेळ आधी ठरवा

सातारा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही मैत्रिणी वासोट्याच्या गडावर जायचं म्हणताय हे वाचून फार बरं वाटलं. फोनवर बोलता बोलता निम्म्या गोष्टी राहून जातात, म्हणून सविस्तर लिहितेय. तिघीचौघींना एकत्र बसवून वाचून दाखव.

आधी तारखेचं. तू नाताळच्या सुट्टीतला शनिवार धरला आहेस, तो बदल. त्या दिवसांत बामणोलीला, जिथून गडाकडे जायची लाँच सुटते तिथे, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. वनखात्याच्या परवानगीला रांग, लाँचला रांग. सकाळचा तास-दीड तास तिथेच जातो आणि तो नंतर कुठूनही भरून निघत नाही. जानेवारीतला एखादा मंगळवार-बुधवार बघा. थंडी असते, आकाश स्वच्छ असतं, जंगलातही शांतता असते. पावसाळ्यात तर तिकडे बंदीच असते.

आता माझं मुख्य म्हणणं. गडावर किती वाजता पोहोचायचं हे तुम्ही ठरवलंय, पण खाली किती वाजता यायचं याचा तुझ्या मेसेजमध्ये कुठेच उल्लेख नाही. वासोट्याचा दिवस परतीपासून मागे मोजायचा असतो. त्या दिवसांत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, आणि दरीत डोंगराआड ऊन त्याच्या बरंच आधी जातं. गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीहून बामणोलीपर्यंत लाँचला दीड तास लागतो. म्हणजे चार, फार तर सव्वाचारला लाँच सुटली पाहिजे. उतरायला दोन तास धर. म्हणजे दोनला गडमाथा सोडायचा. चढायला नवख्यांना तीन तास सहज लागतात आणि वर निदान तासभर तरी हवाच. या हिशोबाने सकाळी दहाला पायवाटेवर पाय पडला पाहिजे, म्हणजे साडेआठला लाँचमध्ये, म्हणजे साडेसातला बामणोलीत, म्हणजे साताऱ्यातून सहाच्या आत बाहेर. कासच्या रस्त्याला वळणं आहेत आणि पहाटे धुकं असतं, त्यामुळे गाडी दामटायची नाही. आदल्या रात्रीच सगळ्या आपल्याकडे मुक्कामाला या.

आणि एक वाजेपर्यंत माथा गाठला नाही, तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. ही एकच गोष्ट मी तुझ्याकडून कबूल करून घेतेय. 'आता आलोच आहोत तर' या वाक्याने डोंगरात माणसं अडचणीत येतात. तो अभयारण्याचा गाभा आहे. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि २०१० पासून ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. रात्री थांबायला तिथे मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. संध्याकाळी गवे पाण्यावर उतरतात, अस्वलं बाहेर पडतात. ती त्यांची वेळ आहे, तेव्हा आपण तिथे नसावं.

लाँचमध्ये लाईफ जॅकेट घालूनच बसायचं, फोटोसाठीसुद्धा काढायचं नाही. शिवसागर वरून कितीही निवांत दिसला तरी कोयना धरणाचं ते १०५ टीएमसीचं पाणी आहे. तुझ्या आजीचं माहेर त्याच पाण्याखाली गेलं. बामणोली गावसुद्धा पूर्वी खाली होतं, पाणी चढलं तसं वर सरकलं. आजीच्या भावकीतली माणसं पुनर्वसनात कुठे कुठे पांगली, काही तर पार सोलापूरकडे गेली, जिथे डोंगरही नाही आणि असा पाऊसही नाही. लाँच मधोमध आली की मैत्रिणींना हे सांग. गाणी लावून त्या पाण्यावरून जाऊ नका, एवढं माझं ऐक.

पलीकडे उतरलात की वनखात्याच्या चौकीवर नोंद होते. प्लास्टिक मोजतात आणि अनामत घेतात. म्हणून पाण्याला स्टीलच्या बाटल्या घ्या, माणशी तीन लिटर. गडावर टाक्यात पाणी असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खायला मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून देईन, सुती फडक्यात, म्हणजे पिशव्यांचा प्रश्नच नाही. बामणोली सोडली की स्वच्छतागृहाची सोय धरू नका. कुणाची पाळी असेल तर जादा पॅड, जुना वर्तमानपत्राचा कागद आणि एक झाकणाचा डबा सॅकमध्ये ठेवा. वापरलेलं सगळं परत आणायचं, जंगलात पुरायचंही नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. जी येते आहे तिला आधीच सांगून ठेव.

वाट सुरुवातीला सोपी वाटेल. ओढ्याजवळ मारुती लागतो, तिथे थोडा वेळ थांबा आणि नंतरच चढाला लागा. पुढे झाडी इतकी दाट की भर दुपारीही कवडशांपुरतंच ऊन खाली येतं. जांभूळ, अंजनी, हिरडा, वर वर कारवी. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो आणि त्याच्याखाली मुळं. चढताना हे कळत नाही. उतरताना पाचोळ्यावरून टाच सटकते आणि पुढचा पाय मुळात अडकतो. घोटे मुरगळतात ते इथेच. म्हणून बूट नवे कोरे नकोत, पण झिजलेल्या तळव्याचेही नकोत. घसरलं की हात आपोआप फांदीकडे जातो, तर आधी फांदी बघायची सवय लाव. चापडा साप पानांच्या रंगाचा असतो, पानांतच बसतो आणि विषारी असतो.

सगळ्यांत सावकाश चालणारीला पुढे ठेवा. तिच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. शेवटी तू राहा, कारण वाटेचा अंदाज तुला आहे. वर एका ठिकाणी वाट फुटते, एक नागेश्वराकडे जाते आणि एक वासोट्याकडे. तिथे सगळ्या जमल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. नागेश्वर त्याच दिवशी करायचा मोह होईल, तो आवरा. त्या गुहेतल्या महादेवाला स्वतंत्र दिवस काढून जाऊ, मीही येईन.

गडावर मारुतीचं देऊळ, महादेवाचं देऊळ, वाड्याचे चौथरे एवढंच उरलंय, पण बाबूकड्यावर गेल्याशिवाय परतू नका. इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला तो कडा आणि खाली एकदम कोकण. हवा स्वच्छ असेल तर रसाळ, सुमार, महिपत हे गड ओळखता येतील. समोर जो डोंगर दिसतो तो जुना वासोटा. १८१८ साली इंग्रजांनी तिथे तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला, म्हणून हा गड पडला. त्याआधी काही वर्षं ताई तेलिणीने हाच गड पेशव्यांच्या बापू गोखल्यांविरुद्ध लढवला होता. सातारच्या गादीच्या पंत प्रतिनिधींच्या बाजूने उभी राहिलेली एकटी बाई, तीही पेशव्यांच्या सेनापतीसमोर! मला तिच्याबद्दल फार वाटतं. लोक तिच्यावरचं ते चावट कवन तेवढं म्हणतात आणि हसतात. तुम्ही त्या तटाजवळ उभ्या राहाल तेव्हा खाली बघून विचार करा, एवढ्या जंगलात दाणागोटा आणि दारूगोळा तिने कसा पुरवला असेल.

कड्याच्या टोकाला बसायचं नाही, पडूनच खाली डोकवायचं. आरोळ्या ठोकू नका, सेंट लावून जाऊ नका, धूर तर मुळीच नको. अशा कड्यांना आग्या मोहळं असतात.

लाँच सुटली की मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही. म्हणून निघण्यापूर्वी लाँचवाल्या दादांचा नंबर मला पाठव आणि त्यांच्याकडे आपला घरचा नंबर दे. परत बामणोलीला आलात की आधी फोन कर, चहा नंतर घे. साडेसहापर्यंत फोन आला नाही तर मी वनखात्याच्या ऑफिसला फोन लावणार, हे मैत्रिणींनाही सांगून ठेव.

तुझे बाबा गाडी द्यायला तयार आहेत, पण तीत पाचच जणी मावतील. नक्की किती येताय ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे जास्त असाल तर दुसऱ्या गाडीचं बघता येईल. प्रत्येकीच्या आधार कार्डाची झेरॉक्स बरोबर असू दे.

तुझी
आई