मिशेरीची डबी पिशवीत टाक

पुणे, रविवार रात्री

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन असतो, मग पत्र कशाला, असं आप्पा म्हणणार. तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारची काकी चहाला बसलेली असते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर गेलं तर संध्याकाळपर्यंत निपाणी स्टँडवर पोचेल. आप्पा, आईला हे वाचून दाखवा, पण दार लावून.

परवा तुम्ही म्हणालात, "चौसष्टाव्या वर्षी डोळ्याची कसली प्लास्टिक सर्जरी? नटायचं वय हाय काय?" आप्पा, एक दिवस टीव्ही बघू नका, टीव्ही बघणाऱ्या आईकडे बघा. वरच्या पापण्या डोळ्यांवर उतरल्यात, म्हणून ती सगळा वेळ भुवया ताणून बसलेली असते. कंटाळली की बोटाने एक पापणी वर धरते आणि एकाच डोळ्याने मालिका बघते. रात्री कपाळाला बाम चोळते तो सर्दीचा नव्हे. दिवसभर भुवयांनी छप्पर उचलून धरल्यावर कपाळ दुखणारच.

आणि प्लास्टिक सर्जरी म्हणजे काल-परवाचं शहरी खूळ असंही समजू नका. टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या एका बैलगाडीवाल्याचं नाक कापलं होतं. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आली. तुम्हाला इतिहासाची आवड, म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं. २०२२ च्या दिवाळीला मी आले नाही. "पाठ धरलीय, प्रवास झेपणार नाही," असं सांगितलं होतं. पाठ धरली नव्हती. माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू मधून फाकले होते आणि खाली कातडीची झोळी लोंबत होती. पीएमटीत बायका उठून जागा द्यायच्या, एकीने तर कितवा महिना म्हणून विचारलं. तेव्हा धाकटा पाच वर्षांचा होता. जावईबापूंना सगळं माहीत होतं. तुम्हाला सांगायची मला लाज वाटली.

भीतीही होती. त्याच वर्षी मे महिन्यात बेंगळुरूत एक एकवीस वर्षांची अभिनेत्री चरबी काढायच्या ऑपरेशननंतर गेली. आई, तूच मला फोन करून सांगितलंस, "चांगली पोरगी गं, कशाला असलं करायचं." माझी तेव्हा डॉक्टरांकडे पहिली फेरी झालेली होती. तुझा फोन ठेवला आणि वहीत प्रश्न लिहून काढले. भूल देणारा वेगळा डॉक्टर पूर्ण वेळ हजर असणार का? आयसीयू त्याच इमारतीत आहे का? सर्जनची डिग्री नेमकी कसली? एमएसच्या पुढे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा तशीच डिग्री लागते. नुसतं 'कॉस्मेटिक' किंवा 'एस्थेटिक' असं पाटीवर लिहिलं म्हणून कोणी प्लास्टिक सर्जन होत नाही. हेच प्रश्न तुम्हीही विचारा. आईचं बहुतेक नुसत्या जागेच्या भुलीवर होईल, तरी विचारा. कर्नाटकात खाजगी दवाखान्यांना २००७ च्या कायद्याने नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. आप्पा भिंतीवरचं सगळं वाचतात, तेही वाचतील.

मी सगळं बरोबर केलं. एकच गोष्ट सोडून.

डॉक्टरांनी विचारलं, "सिगरेट? तंबाखू?" मी म्हटलं, "छे!" समोर बँकेची नोकरी असलेली, इस्त्रीची साडी नेसलेली बाई. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

आई, तू तव्यावर तंबाखू भाजायला घ्यायचीस तेव्हा तो धूर घशात बसायचा आणि आम्ही खोकत अंगणात पळायचो. काळी झाली की उतरवून, चुरून डबीत भरायचीस. आजी, तू, आत्या, विड्या वळायला येणाऱ्या सगळ्या जणी दाताला मिशेरी लावूनच दिवस सुरू करायच्या. नववीत माझी दाढ दुखली तेव्हा तूच बोटाने लावून दिलीस. ती मी लग्नानंतरही सोडली नाही. पुण्यात वीस वर्षं बाथरूममध्ये कडी लावून लावायचे. सिगरेट ओढत नाही, तंबाखू खात नाही, तर डॉक्टरांना "छे" म्हणताना ते मला खोटंसुद्धा वाटलं नाही.

त्या ऑपरेशनात पोटाची कातडी खालपासून सोडवून वर उचलतात, स्नायू शिवतात, कातडी खाली ओढून जादाची कापतात. मधल्या भागाला रक्त लांबून, बारीक नसांतून येतं, आणि निकोटीन नेमक्या त्या नसा आवळतं. धुरातून आलं काय नि हिरड्यांतून आलं काय, शरीराला सारखंच. म्हणून किमान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत नंतरही ते बंद ठेवायला सांगतात. मी ऑपरेशनच्या दिवशी पहाटेसुद्धा लावली होती. मन शांत व्हावं म्हणून.

पाचव्या दिवशी टाक्यांच्या मधोमध कातडी जांभळी दिसायला लागली. आठव्या दिवशी काळी पडली, उडदाच्या लहान पापडाएवढी. ड्रेसिंगला येणारी नर्स चिकोडीकडची होती. तिने माझा उजवा हात उलटा केला, पहिल्या बोटाचं टोक बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, मिशेरी लावता काय?" सर्जनला इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं ते तिला बोटावरून कळलं. मी मान हलवली आणि रडले. ती म्हणाली, "माझी आई पण लावती. सांगून टाका सायबांना, रागवत न्हाईत."

रागावले नाहीत. म्हणाले एवढंच, की आधी कळतं तर तारीख पुढे ढकलली असती. मेलेली कातडी काढली आणि सात आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग चाललं. विम्याने सौंदर्याचं ऑपरेशन म्हणून हात वर केलेच होते, वर मूळ बिलावर १८ टक्के जीएसटी. आज पोट सपाट आहे आणि मी खूश आहे, हेही लिहायला हवं. पण खाली मधोमध एक चपटा, चकाकणारा वण आहे, तो माझ्या "छे"चा आहे.

आई, आता तुझं. पापणीला रक्त भरपूर असतं, त्यामुळे माझ्यासारखं काळं पडायची भीती तुला फारशी नाही. तरी मिशेरी सांगायचीच आणि आजपासून थांबवायची. तुझ्या बाबतीत मला जास्त भीती रक्त वाहण्याची आहे. बीपीच्या गोळीबरोबर तू रक्त पातळ करायची गोळी घेतेस. ती डॉक्टरांना दाखव, पण आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नकोस. कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे ज्यांनी ती दिली ते डॉक्टर आणि डोळ्याचे सर्जन मिळून ठरवतील. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून सुटी आणतेस त्या गोळीनेही रक्त जास्त वाहू शकतं. वैद्याचं चूर्ण आहे. रोज सकाळी उपाशीपोटी लसूण खातेस तेही सांग. तोंडाने सांगताना निम्मं विसरशील, म्हणून घरातलं सगळं एका पिशवीत भर आणि ती पिशवीच टेबलावर ठेव.

डॉक्टरांना आधी एक विचारायचं: कातडी लोंबलीय, की पापणी उचलणारा स्नायू सैल झालाय? दोन्हींची ऑपरेशनं वेगळी. वरचं आणि बाजूचं किती दिसतं ती फील्डची तपासणी आणि फोटो ऑपरेशनच्या आधी करून घ्या. विमा मिळायचाच असला तर त्या कागदांवर मिळेल. डोळे कोरडे पडून चुरचुरतात हेही बोल, कारण कातडी जास्त कापली गेली तर झोपेत डोळा पुरता मिटत नाही. आणि तू मला हळू आवाजात जे सांगितलंस ते मी इथे लिहीत नाही, आप्पा मोठ्याने वाचतायत. पण डॉक्टरांना ते सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त वरच्या पापणीच्या ऑपरेशनने डोळ्याखालच्या पिशव्या आणि काळेपणा जात नाही, हे आधी ठाऊक असू दे.

आप्पा, संमतीचा कागद इंग्रजीत आणि कानडीत येईल. "सही करा, नेहमीचंच आहे," असं म्हणतील. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसलेला माणूस न वाचता सही करतो, हे मला पटणार नाही. ओळ न् ओळ मराठीत सांगायला लावा. जीवावर बेतल्याशिवाय, सही एका गोष्टीला घेऊन दुसरंच ऑपरेशन उरकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ साली एका निकालात म्हटलंय. 'वरच्या दोन पापण्या' एवढंच लिहिलंय ना, बघा.

कोल्हापूर की बेळगाव, हा वाद मी सोडवणार नाही. आईला बेळगाव हवंय कारण कर्नाटकाच्या सरकारी गाडीत बायकांना फुकट प्रवास आहे, हे मला कळत नाही असं समजू नका. जवळ कोल्हापूर आहे. पण टाके काढायला पाच-सात दिवसांनी जावंच लागतं, पुढेही फेऱ्या असतात, आणि सीमेवर काही पेटलं की गाड्या कोगनोळीला अडतात. डॉक्टर दोन्हीकडे चांगले असतील तर मी बेळगाव म्हणेन. अर्ध्या रात्री निघायची वेळ आली तर सीमेची भानगड नको.

अर्धी रात्र मुद्दाम लिहिली. सूज येणार, डोळे काळेनिळे होणार, दोन आठवडे आई कुणी मारल्यासारखी दिसणार, काकी काय वाटेल ते विचारणार. त्याला घाबरायचं नाही. पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ शेकायचं, उशाला दोन उशा. वाकून झाडणं, घागर उचलणं, चुलीपुढे बसणं बंद. काजळ नाही. डोळे चोळायचे नाहीत. पण एकाच डोळ्यात जोराचा ठणका लागला, डोळा पुढे आल्यासारखा घट्ट झाला किंवा दिसायचं कमी झालं, तर डोळ्यामागे रक्त साठत असू शकतं, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. सकाळची वाट बघायची नाही. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा.

यासाठी आप्पांना एक काम. पहिल्या रात्री दर दोन तासांनी उठायचं, आईचा एक डोळा न दाबता हाताने झाकायचा आणि समोरच्या कॅलेंडरावरची तारीख वाचायला लावायची. मग दुसरा डोळा. ती चिडेल. चिडू दे. दिवा मोठा लावा, आणि तारीख तिला पाठ असणार, म्हणून मधेच बोट दुसऱ्या चौकोनावर ठेवा.

खोटं नको म्हणून लिहिते: माझीही मिशेरी एका दमात सुटली नाही. गेल्या मे महिन्यात आत्याच्या नातीच्या लग्नात, पहाटे, सगळ्या जणींबरोबर एकदा लावली. त्यानंतर नाही.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी पहाटे स्टँडवर उतरेन. डॉक्टरांची वेळ अकराची घ्या. आई, पिशवी भरून ठेव. डबी त्यातच टाक, तुला बोलायला जड गेलं तर टेबलावर मी काढून ठेवीन.

तुमची,
थोरली