जुने प्रोग्रॅम राहू द्या, जुने ड्रायव्हर काढा

मा. संपादक,
स.न.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून जो तो सांगतोय की जुनी सॉफ्टवेअरं सांभाळत बसल्यामुळेच विंडोज असं अधूनमधून कोलमडतं, एकदाचं सगळं जुनं बंद करून टाका. मी डीटीपीवाला आहे, पत्रिका, हँडबिलं, बिलबुकं करतो, मला हे अजिबात पटत नाही. जुने प्रोग्रॅम आणि जुने ड्रायव्हर (प्रिंटर, डोंगल असल्या वस्तू विंडोजला जोडून देणारं सॉफ्टवेअर), अशा दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी चाललीय.

आमच्याकडे अजून पेजमेकर ७ आहे, पानं मांडायचा प्रोग्रॅम. २००१ चा, अ‍ॅडोबीने कधीच वाऱ्यावर सोडलेला. विंडोज ११ वर चालतोय, बंद पडला तर तो एकटा बंद पडतो, बाकीच्या मशीनला धक्का नाही, परत उघडायचा आणि कामाला लागायचं (सेव्ह केलं नसेल तर कपाळाला हात, ते वेगळं). सगळं मशीन कोसळल्याची निळी स्क्रीन (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) आणतो तो फॉन्टच्या डोंगलचा, म्हणजे फॉन्ट चालायला यूएसबीत खोचून ठेवावी लागते त्या किल्लीचा ड्रायव्हर. त्या स्क्रीनवर बारीक अक्षरात काय फेल झालं ते येतं बघा, फाईलच्या नावाशेवटी डॉट सिस असलं की बहुतेक वेळा ड्रायव्हरच. प्रोग्रॅम आपल्या खोलीत असतो, ड्रायव्हर मात्र थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, तो चुकला की सगळं मशीनच झोपतं. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी म्हणून सेटिंग आहे ते असले बरेच जुने ड्रायव्हर लोडच होऊ देत नाही, छान सोय आहे, पण डोंगलवाल्यांच्या सपोर्टला फोन लावला की पहिलं उत्तर, सर ते ऑफ करून टाका!

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या एका अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तिथे जुनं काय होतं? अपडेट तर ताजं ताजं होतं, फक्त ते वाचणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसलेला. मॅक त्यातून वाचले. अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटालिनापासून ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर काढायला सुरुवात केली हे उत्तमच, पण त्याच कॅटालिनात ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे सगळे प्रोग्रॅमही बंद केले, त्यात चांगली चालणारी, पैसे मोजून घेतलेली सॉफ्टवेअरं गेली. एकाच वर्षी एक निर्णय बरोबर आणि दुसरा माझ्या मते निव्वळ स्वतःचं काम हलकं करायला.

जुनं चालवायला मेहनत लागते हे मान्य. विंडोज ९५ च्या वेळी सिमसिटी हा गेम सोडून दिलेली मेमरी परत वापरायचा आणि त्यामुळे नव्या विंडोजवर कोसळायचा, तर मायक्रोसॉफ्टवाल्यांनी तो गेम ओळखून त्याच्यापुरती मेमरीची वेगळी व्यवस्था केली होती. आज तीच कंपनी १९९८ च्या व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालवून घेते आणि २०१७ चं, इंटेलच्या सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं धडधाकट मशीन मात्र सपोर्टेड नाही म्हणते. हे गणित मला तरी कळत नाही.

विंडोज ७ प्रोफेशनलला एक्सपी मोड फुकट मिळायचा, म्हणजे आतल्या आत एक वेगळं एक्सपी, त्यात जुनं काय ते चालवा, कोसळलं तर तेवढंच कोसळेल. ११ प्रो मध्ये हायपर-व्ही आहे, म्हणजे तसंच आत वेगळं विंडोज चालवायची सोय, पण आत टाकायला जुन्या विंडोजचं लायसन कुठून आणायचं? तेवढं द्या, मग ड्रायव्हर खुशाल बंद करा, आमची तक्रार नाही.

– एक डीटीपीवाला, सांगली