मे महिन्यात या, आपण नॉर्थंबरलँडला जाऊ

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आमच्या नॉर्थंबरलँडच्या सहलीचं सगळं अर्धवटच राहिलं. बाबा किल्ल्यांचं विचारत होते, आईचं एकच पालुपद की धुक्यात गाडी काढायचीच कशाला, आणि निखिल मागून तिसरंच काहीतरी सांगत होता. म्हणून सावकाश लिहायला बसलेय. आणि तुम्हा दोघांना इंग्लंडच्या ईशान्येच्या त्या किनाऱ्यावर न्यायचंच असं आम्ही ठरवलंय, ते कसं जमेल हेही लिहायचंय.

आई, आधी तुझी काळजी. हे धुकं समुद्रावरून येतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा तापते, पण नॉर्थ सी अजून थंडगारच असतो. दमट हवा त्या पाण्यावरून सरकली की तिचं धुकं होतं आणि पूर्वेचा वारा सुटला की ते किनाऱ्यावर येऊन बसतं. थोडं आत गेलं की लख्ख ऊन. आतल्या ॲनिक गावात आम्ही स्वेटर काढून बाहेर बसून जेवलो आणि तिथून काही मैलांवर, किनाऱ्यावरच्या क्रॅस्टरला पोचेपर्यंत पुढची गाडी दिसेनाशी झाली. निखिलने वेग कमी केला, मागचा फॉग लॅम्प लावला आणि हेडलाइट डिपरवरच ठेवले, कारण अप्परवर टाकले की उजेड धुक्यावर आपटून उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. आम्हाला घाई नव्हती आणि जिथे वाटेल तिथे थांबत होतो. तू निश्चिंत राहा.

क्रॅस्टरहून डन्स्टनबरा किल्ल्यापर्यंत गाडी जात नाही. समुद्राच्या कडेने, मेंढ्यांच्या कुरणातून दोनेक किलोमीटर चालायचं. किल्ला दिसायच्या आधी ऐकू आला. त्याच्या कड्यावर किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात, त्यांचा कलकलाट धुक्यातून येत होता, आणि मग एकदम दरवाजाचे दोन भग्न बुरूज समोर उभे. राजा दुसऱ्या एडवर्डचा चुलतभाऊ, लँकेस्टरचा अर्ल थॉमस, याने 1313 मध्ये तो बांधायला घेतला. पुढे राजाविरुद्ध बंड करून हरला आणि 1322 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

बॅमबराचा किल्ला तिथून वर, उत्तरेला. बाबा, तुम्ही असता तर आधी खालच्या कातळाला हात लावला असता. काळाकभिन्न, उभ्या भेगांचा. त्याला व्हिन सिल म्हणतात. जवळजवळ 30 कोटी वर्षांपूर्वी शिलारस वर न येता जमिनीच्या आतच थिजला, त्याचा हा डोलेराइट. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट बाहेर येऊन थिजला, घडण मात्र दोघांची तीच. म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊच. रोमन सम्राट हेड्रियनने 122 साली बांधायला घेतलेली भिंतही मध्यावर याच कातळाच्या धारेवरून जाते. किल्ला मात्र मला जरा जास्तच नीटनेटका वाटला. 1894 मध्ये तो आर्मस्ट्राँग नावाच्या उद्योगपतीने विकत घेतला आणि आज दिसतं त्यातलं बरंचसं त्याच्या डागडुजीनंतरचं आहे.

पण बॅमबराला मी रेंगाळले ती किल्ल्यासाठी नाही. गावात ग्रेस डार्लिंगचं लहानसं संग्रहालय आहे. ग्रेस ही समोरच्या फार्न बेटांवरच्या लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी. 7 सप्टेंबर 1838 च्या पहाटे वादळात तिला खिडकीतून दिसलं की 'फोरफारशायर' नावाची आगबोट खडकावर फुटलीय. उजाडल्यावर खडकावर माणसं हलताना दिसली. ती आणि तिचे वडील, दोघंच होडी घेऊन निघाले. खडकापाशी पोचल्यावर वडिलांनी उडी मारली, माणसांना उतरवून घ्यायला. तेवढा वेळ होडी खडकावर आपटू नये म्हणून बावीस वर्षांची ती मुलगी एकटी दोन्ही वल्ही मारत त्या लाटांत होडी सांभाळत राहिली. पहिल्या खेपेत पाच जण आणले. त्यांतल्या एका बाईची दोन्ही मुलं तिच्यासमोर गेली होती. दुसऱ्या खेपेला वडील वाचलेल्यांपैकी काहींना घेऊन परत गेले आणि उरलेले चौघे आणले.

ती होडी तिथे ठेवलीय. साधी लाकडी मच्छीमार होडी. तिच्या काठाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाबा, मला सारखं वाटत होतं की त्या वडिलांनी 'तू घरीच थांब' म्हटलं नाही, तिच्या हातात वल्हं दिलं. तुम्ही मला इतक्या लांब एकटीला शिकायला पाठवलंत तेव्हा नातेवाईक काय काय बोलत होते, ते मला माहीत आहे. तुमच्याशी हे समोरासमोर बोलणं मला कधी जमलं नाही. पुढे ग्रेसची देशभर कीर्ती झाली, व्हिक्टोरिया राणीने पन्नास पौंड पाठवले, चित्रकार रांग लावून आले. चारच वर्षांनी, 1842 मध्ये ती क्षयाने गेली. समोरच्या चर्चच्या आवारात तिचं स्मारक आहे, दगडातली ग्रेस आडवी पहुडलेली आणि शेजारी वल्हं.

लिंडिसफार्नला आई, तुला नक्की करमेल. हे बेट दिवसातून दोनदा भरतीने तुटतं. 1954 मध्ये बांधलेला रस्ता ओहोटीलाच उघडा पडतो, आणि सुरक्षित वेळा आधीच जाहीर होतात. तरी कुणीतरी अडकतंच, म्हणून वाटेत उंच खांबांवर शिडीची एक पांढरी खोली बांधलीय. गाडी सोडून तिच्यात चढून बसायचं. वाळूत यात्रेकरूंच्या जुन्या पायवाटेचे खांब रोवलेत, धुक्यात त्यांतले पहिले दोन-तीनच दिसत होते.

साधारण 635 साली एडन नावाच्या साधूने इथे मठ काढला. 793 मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. आज उभे आहेत ते नंतरच्या मठाचे अवशेष, लालसर वालुकाश्माचे, वाऱ्याने दगडाला जाळी पडलेली. मधला मनोरा कोसळला, पण त्याच्याखालची एकच कमान आकाशात अधांतरी राहिलीय. भरती आली, दिवसभराचे प्रवासी निघून गेले आणि आम्ही मुक्कामाला होतो. संध्याकाळी वाळूच्या पट्ट्यांवरून सीलांचा आवाज यायला लागला, लांबवर कुणीतरी सूर धरून रडावं तसा. सील दिसला एकही नाही. किनाऱ्यावर समुद्रलिली नावाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म मिळतात, मधे भोक असलेले इवलेसे मणी. पूर्वी लोक त्यांच्या जपमाळा ओवायचे. संत कथ्बर्टचे मणी म्हणतात त्यांना. आम्हाला मिळाले नाहीत, पण तुझी नजर बारीक आहे.

बेरिकबद्दल थोडक्यात: इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये डझनभर वेळा तरी हातबदल झालेलं गाव. सोळाव्या शतकातला तट अजून धडधाकट आहे. बाबा, त्यावरून गावाभोवती फेरी मारता येते आणि चढण फारशी नाही, गुडघ्याला त्रास होणार नाही.

म्हणून सांगते, मे महिन्यात या. तेव्हा फार्न बेटांवर पफिन नावाचे समुद्रपक्षी आलेले असतात. आम्हाला धुक्यामुळे बोट मिळाली नाही, म्हणून ते बाकी ठेवलंय आणि लाँगस्टोनचं लाल-पांढरं दीपगृहही त्याच बोटीतून दिसतं. डन्स्टनबराला बाबा आणि निखिल जातील, तू आणि मी क्रॅस्टरच्या बंदरावर बसू. रोज थोडंच अंतर जायचं, दुपारी विश्रांती. जेवणाचं मी बघते, राहायला स्वयंपाकघर असलेलीच जागा घेऊ.

बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून लगेच कळवा. व्हिसाचे कागद मी इथून भरते, तुम्हाला फक्त बोटांचे ठसे द्यायला जावं लागेल. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. निखिलला रजा आधी टाकावी लागते, तेव्हा दिवाळीच्या आत नक्की काय ते सांगा.

तुमची,
मीनल

ता. क. आई, मे असला तरी तिथे वारा बोचरा असतो. ती जाड निळी शाल आणच.