हाफकिनची जयंती यादीत घालू नका, साहेब

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: थोरामोठ्यांची चरित्रं शाळेत कशी होतात, त्याबद्दल.

महोदय,

स. न. वि. वि.

परळच्या एका मराठी शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. शाळेपासून हाफकिन संस्था चालत सात-आठ मिनिटांवर आहे. इथे 'हाफकिन' हे पत्ता सांगायला उपयोगी पडणारं नाव. 'हाफकिनच्या गेटपाशी थांब', 'हाफकिनवरून डावीकडे घे'. हा माणूस होता हे मुलांना माहीत नसतं. पालकांना पोलिओच्या थेंबांमुळे आणि औषधखरेदीच्या बातम्यांमुळे नाव ठाऊक असतं, इतकंच.

हे वाचून आपल्या कार्यालयातल्या एखाद्या तत्पर अधिकाऱ्याला वाटेल की हाफकिनची जयंती शासनाच्या यादीत घालावी. म्हणून आधीच हात जोडून सांगतो, घालू नका. प्लेगची लस काढणाऱ्या वाल्देमार हाफकिनचा जन्म १५ मार्चचा. त्या दिवसांत आमच्याकडे परीक्षांची धावपळ असते. त्यात आणखी एक तसबीर, आणखी एक हार आणि 'फोटो ग्रुपवर टाका, लिंक भरा' हा निरोप आला की त्या बिचाऱ्याचं नाव काढलं तरी शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतील.

मुद्द्यावर येतो. ३ जानेवारीला आमच्या शाळेत सावित्रीबाईंची जयंती होती. टेबलावर शाल अंथरली होती, वर तसबीर, झेंडूचा हार, उदबत्ती. हार घालताना फोटो हलला म्हणून मुख्याध्यापकांना तो काढून पुन्हा घालावा लागला. मग भाषणं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' इथून सुरू होऊन सगळी भाषणं एकाच वाटेने गेली. नायगावला जन्म, जोतिरावांशी लग्न, भिडे वाड्यातली शाळा, अंगावर शेण, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मृत्यू, 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते'. मधल्या ओळी विसरलेल्या मुलीही शेवटच्या ओळीवर बरोबर पोचल्या.

कार्यक्रम संपल्यावर आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. डिसेंबरात लसीकरणाचा भाग शिकवताना मी वर्गाला शेजारच्या हाफकिनची गोष्ट सांगितली होती, ती तिच्या डोक्यात होती. म्हणाली, "सर, हाफकिनने प्लेगची लस काढली ते १८९७ ना? आणि सावित्रीबाई प्लेगने गेल्या तेही १८९७च. मग त्यांनी लस का नाही घेतली?"

वीस-बावीस वर्षं मी दोन्ही गोष्टी सांगतोय. एक जानेवारीत तसबिरीपुढे, एक विज्ञानाच्या तासाला. त्या शेजारीशेजारी ठेवून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

घरी जाऊन तारखा मांडल्या. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनने स्वतःच्या अंगात १० सीसी लस टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी द्यायचे त्याच्या तिप्पट-चौपट. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई पुण्यात प्लेगने गेल्या. बरोबर दोन महिने. मधे खंडाळ्याचा घाट आणि रेल्वेचा काही तासांचा प्रवास.

या दोन महिन्यांत काय काय झालं ते मुलांना सांगायला मला चार तास लागले आणि ते चारही तास मला अभ्यासक्रमातून चोरावे लागले. त्यात काय होतं ते थोडक्यात सांगतो.

मुंबईच्या मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला बार्देशातल्या हडफड्याच्या एका गोंयकार डॉक्टरने, अकासियो गॅब्रिएल व्हिएगसने, सप्टेंबर १८९६ मध्ये. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमापाशी आहे, मुलं त्याच्यासमोरून सिनेमाला जातात. ऑक्टोबरात हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईला आणलं. ओडेसाचा ज्यू, वय ३६. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापक होता आलं असतं. बदलला नाही, म्हणून पॅरिसला जाऊन पाश्चर संस्थेत ग्रंथालयातल्या कामापासून सुरुवात केली. १८९२ मध्ये पटकीची (कॉलऱ्याची) लस काढली, तीही आधी स्वतःला टोचली. मुंबईत त्याला मिळालं काय, तर कॉलेजातली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन-चार शिपाई.

आता लस कशी वाढवली ते ऐका, कारण माझा वर्ग इथेच पहिल्यांदा जागा झाला. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. युरोपात त्यासाठी सर्रास गोमांस वापरत. इथे ते चालणार नव्हतं आणि डुकराचंही चालणार नव्हतं, म्हणून त्याने बोकडाचं मटण घेतलं. सूप चंबूत भरून वर तुपाचे थेंब सोडले. होय, आपलं साजूक तूप, नाहीतर खोबरेल. तुपाच्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली सुपात लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला चुन्याचे खांब लोंबतात तसे. चंबूला धक्का लागता कामा नये. ठरावीक दिवसांनी तो मुद्दाम हलवायचा, की धागे तुटून तळाशी बसायचे आणि तुपाखाली नवी वाढ सुरू व्हायची. असं साधारण सहा आठवडे. मग तासभर तापवून जंतू मारायचे. एका मुलाने घरून डबीत तूप आणलं होतं. आम्ही चंचुपात्रात पाणी घेऊन वर थेंब सोडले. जंतू अर्थातच नव्हते. पण 'हलवू नको रे' म्हणून अख्खा वर्ग श्वास रोखून बसला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे कैद्यांपैकी साधारण निम्म्यांना लस दिली, उरलेल्यांना नाही, आणि दोन्ही गटांत कोण आजारी पडतं ते मोजलं. लस घेतलेल्यांत आजारी फारच थोडे निघाले. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुरुंगातला माणूस नाही म्हणू शकतो का?" याला मी काय उत्तर देणार? शाबासकी द्यावी असा प्रश्न आहे हा.

तिकडे पुण्यात सावित्रीबाई ६६ वर्षांच्या. मुलगा डॉ. यशवंत, त्याने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या तेव्हाच्या महारवाड्यातलं एक मूल प्लेगने पडलं. सावित्रीबाई गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. भाषणात हे एका ओळीत येतं. मी वर्गात दप्तरं पाठीवर घ्यायला लावली आणि मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. आठवीतल्या पोरांना धाप लागली. प्लेग पिसवेमुळे पसरतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. फ्रेंच डॉक्टर सिमाँने ते कराचीत दाखवलं १८९८ मध्ये, सावित्रीबाई गेल्यानंतर. आजाऱ्याला हात लावला की संपलं, एवढंच त्या दिवसांत लोक समजून होते. तरी त्यांनी त्या मुलाला पाठीवर घेतलं.

मग लस का नाही? मी मुलीला सांगितलं ते असं. लस तेव्हा तुरुंगाच्या भिंतीतून नुकती बाहेर येत होती. तयार व्हायला आठवडे लागत होते. सरकारचा भर लशीपेक्षा घरांची झडती घेण्यावर आणि माणसं उचलून नेण्यावर. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. तोच २०२० मध्ये आपल्यालाही लागू होता. पुण्यात रँडच्या शिपायांनी काय केलं आणि २२ जूनला चापेकरांनी काय केलं ते आम्ही इतिहासात शिकवतोच, पण तिथे लस नसते. आणि लोकांचा विश्वास? २९ ऑक्टोबर १८९६ला सुमारे हजार गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असं त्यांना वाटत होतं. आजचं कस्तुरबा ते हेच. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे पणजोबा-खापरपणजोबा याच गिरण्यांतले. "म्हणजे आमचे लोक वेडे होते का?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या घरात गोरा शिपाई बुटासकट चुलीपर्यंत आला असता तर तू काय केलं असतंस? दुसऱ्या बाजूला आगाखानांनी आपल्या खोजा समाजापुढे स्वतः लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला आपला बंगला दिला आणि हजारो खोजांनी लस घेतली. कोण सांगतो यावर लोक पुढे येतात की मागे हटतात हे ठरतं. करोनात आपणही पाहिलंच.

माझी खरी तक्रार पुढच्या भागाची आहे. हाफकिनची गोष्ट कुठे सांगितलीच तर ती १८९९ मध्ये थांबते. परळचं जुनं गव्हर्नर हाउस त्याच्या प्रयोगशाळेला मिळालं, टाळ्या, समाप्त. (ते घर गव्हर्नरांनी सोडलं, त्याआधी १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनच्या पत्नी तिथे पटकीने वारल्या होत्या. आणि ते गेलं पटकीची लस काढणाऱ्याकडे. हे मुलांना फार आवडतं.) पण त्यानंतर १९०२ आहे. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली, त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. लस परळची. हाफकिनला निलंबित केलं, १९०४ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. चौकशीत एक गोष्ट त्याच्याविरुद्ध जात होती. मागणी प्रचंड वाढली म्हणून त्याने पद्धत बदलली होती आणि नेहमी घालायचं कार्बोलिक आम्ल वगळलं होतं. दुसरी त्याच्या बाजूने होती. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढलं होतं. आणखी एक, धनुर्वाताचे जंतू वाढले की घाण वास येतो. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. बिघाड परळला झाला असता तर उघडताना वास यायला हवा होता, तो कोणाला आला नव्हता. हिवतापावर नोबेल मिळवलेल्या रोनाल्ड रॉसने आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हे मांडलं, तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग गेला. तो परत आला, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याला मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्याचं नाव मिळालं. तोवर तिथून लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९३० मध्ये तो लोझानला वारला.

मी वर्गाला सगळा पुरावा दिला आणि विचारलं, तुम्ही चौकशी समिती आहात, निकाल द्या. दोन तट पडले. कार्बोलिक का वगळलं यावरून एक मुलगी इतकी चिडली की मधल्या सुट्टीत डबाही न खाता भांडत राहिली. जंतुनाशक, निर्जंतुकीकरण, धनुर्वात, नियंत्रित प्रयोग, हे सगळे शब्द त्या भांडणात आले. मला व्याख्या सांगावी लागली नाही.

हे मला करता आलं ते जुनी इंग्रजी कागदपत्रं चाळायची खोड आहे म्हणून, आणि शेजारी संस्था आहे म्हणून. गडचिरोलीतल्या किंवा सुरगाण्यातल्या शिक्षकाने काय करायचं? म्हणून मागतो ते एवढंच. बालभारतीकडून प्लेगच्या त्या वर्षांतली मूळ कागदपत्रं मराठीत करून घ्या. तुरुंगातल्या प्रयोगाचं कोष्टक, मलकोवालच्या चौकशीतल्या साक्षी, त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतल्या लशीच्या बाजूच्या आणि विरुद्धच्या बातम्या. तीस-चाळीस पानं पुरतील. खाली 'यावरून आपण काय शिकलो' असा चौकोन मात्र छापू नका. आणि जयंतीच्या दिवशी फोटोऐवजी शाळांकडून मुलांनी विचारलेला एक प्रश्न मागवा. लिंक तीच ठेवा, आम्हाला सवय आहे.

यात आपली अडचण मला कळते. प्रश्न विचारले की थोरांचा अपमान झाला अशी ओरड होते, एखादा मोर्चा शाळेच्या दारात येतो, आणि परिपत्रक काढणाऱ्याला मग कोणी वाली नसतो. माझ्याकडेही एक पालक आले होते. "सावित्रीबाईंच्या कार्यक्रमात लशीचं काय काढलंत?" बसवून घेतलं, चहा दिला, दोन तारखा कागदावर लिहून दाखवल्या. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोनच महिने?" जाताना कागद घेऊन गेले.

पुढच्या ३ जानेवारीला आमची मुलं हाफकिनच्या गेटापासून केईएमवरून, लालबागमार्गे कस्तुरबापर्यंत चालत जाणार आहेत. आपण यावं अशी विनंती आहे. व्यासपीठ नाही, सत्कार नाही. चालायचे बूट घालून या. लालबागला चहा आमच्याकडून.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
परळ, मुंबई