दाढ उपटण्याआधी नसेचा विचार करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझ्या सासूबाईंना ट्रायजेमिनल न्युराल्जिया आहे. चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेतून करंट लागल्यासारखी कळ जाते, काही सेकंदांत थांबते, पुन्हा उठते. चूळ भरली, घास चावला, गार वारा लागला, एवढंही निमित्त पुरतं. बोलता बोलता त्या थबकतात, हात वर करून आम्हाला थांबवतात आणि डोळ्यांतून धारा लागतात. भाकर दुधात कुस्करून दिली तरी दोन घासांवर ताट सरकवतात.

कळ जबड्यात, म्हणून आधी एक दाढ काढली. कळ राहिलीच, म्हणून शेजारची काढली. दोन्ही दाढा धड होत्या. हे फक्त आमच्याच घरी घडलं असं नाही. या आजारात असं होतं हे डॉक्टरांना ठाऊक आहे. म्हणूनच गावपातळीवर पहिली तपासणी करणाऱ्याला याची लक्षणं शिकवलेली असायला हवीत.

साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी ही कळ हटत नाही. यावरचं पहिलं औषध कार्बामाझेपिन, म्हणजे मिरगीवर देतात तीच गोळी. ती महाग नाही, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. कमी डोसपासून हळूहळू वाढवावी लागते. चक्कर येते, गुंगी राहते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अंगावर पुरळ उठलं तर लगेच डॉक्टर गाठावा लागतो. त्यामुळे अधूनमधून रक्ततपासणी हवी. आणि साहेब, ही गोळी रोजची आहे. आरोग्य केंद्रातला साठा संपला, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं, की तो आठवडा बाईने काढायचा कसा?

गोळीने भागत नाही त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेत. एमआरआयमध्ये नसेवर रक्तवाहिनी दाबलेली दिसली, तर कानामागून शस्त्रक्रिया करून दोघींच्या मध्ये छोटी गादी बसवतात; अनेकांना वर्षानुवर्षे आराम पडतो. वय किंवा प्रकृती आड येत असेल, तर गालातून सुई घालून नस उष्णतेने किंवा फुग्याने बधिर करता येते. त्यात चेहरा सुन्न पडू शकतो, कळ काही वर्षांनी परतूही शकते. गॅमा नाइफ हा किरणांचा उपचारही आहे, पण त्याचा गुण यायला आठवडे-महिने जातात. हे सगळं रुग्णाला आधीच, मराठीत, समोर बसवून कुणी सांगत नाही.

माझं मागणं एवढंच. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कार्बामाझेपिन आणि सोडियमची तपासणी बारमाही ठेवा. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर, न्यूरॉलॉजिस्टचा (मेंदू आणि नसांच्या डॉक्टरचा) ठरलेला वार असू द्या. नागपूरला सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, एम्स आहे. पण कोणत्या खिडकीवर कोणती चिठ्ठी घेऊन जायचं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं, हे तालुक्याच्या दवाखान्यातच लिहून मिळावं. आणि धड दिसणारी दाढ उपटण्याआधी ‘वारा लागला तरी कळ येते का?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची लेखी सूचना काढा. त्याला पैसाही लागत नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
यवतमाळ जिल्ह्यातील एक सून