संज्या, आधी नळाखालची ओल मोड

देवरुख
नागपंचमी

प्रिय संज्या,

तुझं पत्र परवा मिळालं. आज कुदळीला हात लावायचा नाही, म्हणून मी निवांत ओटीवर बसून लिहितोय.

दहातल्या चार-पाच कोंबड्या झडल्यात म्हणतोस. खातात भरपूर, पण छातीचं हाड हाताला लागतं, तुरा फिका पडलाय, तलंगा अंड्यावर यायचं नाव घेत नाहीत. आणि जंत असतील म्हणून तू लसूण ठेचून पाण्यात घातलास! अरे, लसणानं काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. मी वर्षभर तेच केलं. लसूण झाला, कडुलिंब झाला, भोपळ्याच्या बिया झाल्या.

डोळे उघडले ते गेल्या वर्षीच्या गटारीला. घरचाच कोंबडा कापला होता. आतडं टाकायला घेतलं तर बोटांना आत दोरीसारखं काहीतरी लागलं. चिरून बघतो तर पांढरट पिवळे, बोटाएवढे लांब जंत, शिजलेल्या शेवयांचा गुंता पडावा तसे. दोन-तीन अजून वळवळत होते. आईनं एकदा वाकून पाहिलं आणि ‘आता कालवण तूच कर’ म्हणून आत निघून गेली. कोंबडीचा हा जंत माणसाला होत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. वहिनींनाही सांग, त्या घाबरल्यात म्हणतोस. आम्ही मात्र त्या दिवशी डाळभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जंताचं औषध आणलं, अंदाजानं पाण्यात ओतलं आणि झालं काम असं समजलो. बाहेर धो धो पाऊस. कोंबड्या अंगणातल्या डबक्यावर पाणी पीत होत्या आणि औषधाचं भांडं संध्याकाळपर्यंत तसंच! पुढे पिल्लंही खंगायला लागली, तेव्हा ताजी शीट बाटलीत घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी दाखवली. नुसत्या डोळ्याला ती दिसतच नाहीत. एक मादी दिवसाला हजारोंनी घालते, ती शीटेबरोबर जमिनीवर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की 10 ते 20 दिवसांत त्यांच्यात अळी तयार होते. मग कोंबडी टोच मारते आणि ते परत पोटात. गांडूळ खाल्लं तरी त्याच्यातून जातात. ओल्या मातीत ही अंडी महिनोन् महिने टिकतात. मी खुराड्यात बाटलीभर फिनेल ओतलं होतं, त्यानं त्यांचं काही वाकडं होत नाही. त्यांना मारतं ते कडक ऊन आणि कोरडेपणा.

म्हणून तुझ्याकडची खरी गोष्ट नळाची आहे. गेल्या खेपेला आलो तेव्हा खुराड्याशेजारचा तुझा नळ टपकत होता, खाली कायम चिखल आणि सगळ्या कोंबड्या तिथेच उकरत होत्या. इथं आम्ही पावसापुढे हात टेकतो, फलटणला तुला तर ऊन फुकट आहे! तो नळ आधी दुरुस्त कर. खुराड्यातली वरची चार बोटं माती खरवडून काढ, ती कोंबड्या जाणार नाहीत अशा ठिकाणी टाक, आणि खाली कोरडा भुसा अंथर. भुसा ओला झाला की लगेच बदल. दाणे जमिनीवर उधळू नकोस, पन्हळीत घाल. पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडू नकोस. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना याचा फटका जास्त बसतो, आणि मोठी कोंबडी वरून ठणठणीत दिसली तरी शीटेतून जंताची अंडी टाकतच असते. थोडा शेवग्याचा पाला घालत जा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जंत जास्त जोर धरतात.

आता औषध. पिपेराझिन स्वस्त आहे, पण ते फक्त त्या मोठ्या गोल जंतावर चालतं, तेही वाढलेल्या. आतड्याच्या अस्तरात दडलेल्या अळ्या वाचतात, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा डोस हवा. मी पहिल्यांदा तोच चुकवला होता. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल जास्त प्रकारच्या जंतांवर चालतात. किती मिली ते मी लिहीत नाही, कारण बाटलीगणिक ताकद वेगळी असते. कोंबडी पिशवीत घालून ताणकाट्यावर तोल आणि वजन डॉक्टरांना सांग. अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही त्यांनाच विचार. रात्री पाणी काढून घे आणि सकाळी तहानलेल्या कोंबड्यांना थोड्याच पाण्यात औषध दे, म्हणजे भांडं तासा-दोन तासांत रिकामं होतं. राणीखेत रोगाची लस द्यायची असेल तर हे आठवडाभर आधी उरकून घे.

शीटेवर भाताच्या शितासारखे चपटे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. त्याला पिपेराझिन उपयोगाचं नाही, प्राझिक्वांटेल लागतं. तो मुंग्या, शेणातले भुंगेरे, गोगलगायी यांच्या पोटातून येतो, आणि तुझ्या कोंबड्या दिवसभर गोठ्यामागच्या उकिरड्यावरच असतात. तो उकिरडा लांब हलव. भाऊ कुरकुर करेल, करू दे.

आणि पिल्लांना रक्ताची हगवण लागली तर ते जंत समजून बसू नकोस. तो बहुधा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला डोळ्याला न दिसणारा परजीवी, त्याचं औषध निराळं. तेव्हा वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

तू मागितलेलं डालगं बुरुडाकडे सांगून ठेवलंय. नारळी पौर्णिमेच्या आत देतो म्हणालाय, बघू. मिळालं की एसटीत टाकतो. त्या मानेवर पिसं नसलेल्या कोंबडीचं काय झालं ते कळव. पाच-सहा कोंबड्यांची थोडी थोडी ताजी शीट एकाच डबीत घेऊन जा, उन्हात ठेवू नकोस आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या